सेकंडहँड कॅमेरा घेताय? बॉडी आणि लेन्सची सोयरीक जुळवताना या चुका टाळा

कमी बजेटमध्ये डीएसएलआर घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न विचारला जातो मेगापिक्सेलचा. लेन्स मग जी स्वस्तात मिळेल ती. पैसे वाया जातात ते इथेच. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, चार-पाच वर्षांत बदलली जाते, लेन्स मात्र दहा-पंधरा वर्षं सोबत राहते. त्यामुळे आधी काय टिपायचं ते ठरवा, त्याला साजेशी लेन्स शोधा आणि ती ज्या बॉडीवर पूर्ण चालते ती बॉडी घ्या.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानातली कुस्ती घ्या. दिव्यांच्या उजेडात पैलवानाने डाव टाकला की तो क्षण गोठवायला साधारण १/५०० सेकंद शटर स्पीड हवा. ५५-२५० मिमीची स्वस्त झूम लेन्स पूर्ण ताणली की अ‍ॅपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (हे उजेड आत घेणारं छिद्र, एफचा आकडा जितका लहान तितकं मोठं). एफ १.८ ची साधी प्राइम (झूम न होणारी) लेन्स तिच्यापेक्षा जवळजवळ दहापट उजेड आत घेते. ५५-२५० घेऊन 'कॅमेराच हलका निघाला' म्हणण्यात अर्थ नाही, दोष निवडीचा असतो. हीच लेन्स सकाळच्या उन्हात रंकाळ्यावरच्या पक्ष्यांना मात्र छान चालते.

निकॉन : लेन्स बसते, पण फोकस होत नाही

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. डी३१०० ते डी३५०० आणि डी५१०० ते डी५६०० या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते. '५० मिमी एफ १.८ डी' ही जुनी, स्वस्त लेन्स त्यांवर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस चालत नाही. नावात 'एएफ-एस' असेल तर मोटर लेन्समध्येच असते. म्हणून या बॉड्यांसाठी '५० मिमी १.८ जी' किंवा '३५ मिमी १.८ जी डीएक्स' घ्या. डी९०, डी७०००, डी७१००, डी७२०० मध्ये मोटर बॉडीतच आहे, त्यांना 'डी' लेन्स चालतात.

याच्या उलटाही घोळ आहे. नव्या 'एएफ-पी' किट लेन्स (बॉडीसोबत मिळणाऱ्या) डी३१००, डी३२००, डी५१००, डी७००० वर फोकसच करत नाहीत. टॅमरॉनची १७-५० एफ २.८ घेताना मॉडेल क्रमांकाच्या शेवटी 'एन-टू' आहे का ते वाचा. नुसता 'एन' असेल तर आत मोटर नाही.

कॅननची गंमत वेगळी

पांढरा चौकोन असलेली ईएफ-एस लेन्स ५डी किंवा ६डी अशा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर बसत नाही. लाल ठिपक्याची ईएफ लेन्स फुल-फ्रेम आणि क्रॉप (लहान सेन्सरच्या) अशा दोन्ही बॉड्यांवर बसते. क्रॉप बॉडीवर ५० मिमी लेन्सची चौकट ८० मिमीसारखी भासते, म्हणजे छोट्या खोलीतल्या बारशात घरचे सगळे एका फोटोत मावणार नाहीत. ईएफ-एम लेन्सना आर मालिकेच्या बॉडीवर जागा नाही, ईएफ-एम लेन्स लागणारा एम५० घेताना एवढं लक्षात ठेवा.

फ्लॅश वापरणार असाल तर १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टूचा हॉटशू (फ्लॅश बसवायची वरची खाच) डोळ्यांनी तपासा. या मॉडेल्समधून कॅननने मधली पिन काढून टाकली. त्या पिनवर अवलंबून असणारे इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारी यंत्रं) उडत नाहीत, आणि मग लोक दोन-दोन ट्रिगर बदलून बघतात.

बुरशी : कोल्हापूरच्या पावसाळ्याचा खरा प्रश्न

जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा ओलीगच्च असते. कपाटातल्या कातडी बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला तेवढं पुरतं. विकत घेताना लेन्स काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर सौदा सोडा. चार-दोन धुळीचे कण दिसले तर घाबरू नका, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही.

घरी हवाबंद प्लास्टिक डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. नारिंगी जेल हिरवं झालं की ते ओलं झालंय. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा वापरता येतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलाल-खोबऱ्याची उधळण चालू असताना लेन्स बदलू नका. झूम मागे-पुढे करतानाही लेन्स आत हवा ओढते, म्हणून शक्यतो एकाच लांबीवर ठेवून पायांनी पुढे-मागे सरका. गुलाल पडला तर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओलं फडकं आधी फिरवलं तर रंग फटीत मुरतो. तोंडाने फुंकू तर नकाच, थुंकीचे डाग सेन्सरवर बसतात.

पैसे देण्याआधी

एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. त्यात काळपट ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. साफ होते, पण किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलमध्ये शटर किती वेळा उडालं तो आकडा सापडतो. मूळ बिल नसेल तर सीरियल क्रमांक खोक्याशी जुळवा.

काही तक्रारी लेन्स खराब नसतानाच येतात. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) सगळं धूसर दिसतं पण फोटो ठीक येतो, तर शेजारचं डायॉप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं, चाक फिरवा. निकॉनवर 'एफईई' ही चूक दिसली तर जुन्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वात मोठ्या आकड्यावर, म्हणजे ५० मिमी 'डी'वर २२ वर, लॉक करा. कॅननवर 'एरर ०१' आली तर कॅमेरा बंद करून लेन्सचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या सुती कापडाने पुसा. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर बघून) धारदार आणि व्ह्यूफाइंडरमधून मात्र सतत पुढे किंवा मागे फोकस जात असेल, तर लेन्स आणि बॉडी दोन्ही एकत्र सर्व्हिसिंगला द्या. नुसती लेन्स दिली तर जुळणी होत नाही.