जुनी मोटार किंवा मोटारसायकल घेताना आणि घेतल्यावर या चुका टाळा

जुनी गाडी पाहायला जाणाऱ्या बहुतेकांचे लक्ष मीटरवरच्या किलोमीटरकडे आणि रंगाच्या चकाकीकडे असते, आणि या दोन्ही गोष्टी विक्रीपूर्वी थोड्या खर्चात हव्या तशा करून घेता येतात. ज्या गोष्टी लपवणे अवघड असते, त्या आरटीओच्या दप्तरात, सर्व्हिसच्या नोंदींत, सीटखालच्या रुळांवर आणि डिकीच्या तळाशी असतात. तेथे मात्र क्वचितच कोणी डोकावते. पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका याच एका सवयीतून होतात.

सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी घेणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून तिच्याबद्दल आधी. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे एजंट मंडळी ज्यांना टीटी फॉर्म म्हणतात त्यांवर, मूळ मालकाच्या सह्या घेतल्या जातात, तारखेची आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा रिकामी ठेवली जाते, आणि गाडी दोन-तीन हातांतून फिरत राहते. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मात्र पहिल्याच मालकाचे नाव असते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात व्यवहार झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत मालकी बदलल्याचे आरटीओला कळवणे आवश्यक आहे. अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावावर असेल तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील निकालात स्पष्ट केले, आणि त्या प्रकरणातली गाडीही एकाहून अधिक हातांतून गेलेली होती. विकणाऱ्याने म्हणूनच ‘नाव ते करून घेतील’ यावर विसंबू नये. घेणाऱ्याचा धोका वेगळा आहे: मूळ मालक गाव सोडून गेला, सही जुळली नाही किंवा तो हयात राहिला नाही, तर गाडी दारात असूनही नावावर होत नाही. मालकाचा मृत्यू झालेला असल्यास फॉर्म ३१ द्वारे गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. वारसाशी थेट व्यवहार करून मृत मालकाची जुनी सही वापरणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही सर्रास होत असो.

इसार देण्यापूर्वी परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचा अनुक्रम, विम्याची आणि फिटनेसची मुदत, कर्जाचा बोजा आणि काळ्या यादीची नोंद पाहावी. आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्यासाठी बँकेने सही केलेला फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. ‘कर्ज फिटले आहे, फक्त कागद यायचे आहेत’ या वाक्यावर लाखो रुपये सोडणारे लोक पुष्कळ आहेत. थकलेली ई-चलने वेगळी तपासावीत आणि ती कोणी भरायची हे लेखी ठरवावे. चासी क्रमांक आरसीवरून वाचून समाधान मानू नये. बॉनेट उघडून किंवा मोटारसायकलच्या हँडलखालच्या नळीवर विजेरीचा उजेड टाकून तो प्रत्यक्ष ताडून पाहावा, आणि अक्षरांभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा ताजा रंग दिसल्यास तेथूनच परत फिरावे.

विम्याचा घोळ याहूनही अधिक होतो. कलम १५७ प्रमाणे मालकी बदलताच तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते, पण पॉलिसीत नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसून माणसाचा असतो, त्यामुळे तो जुन्या मालकाकडेच राहतो आणि नव्या मालकाला फरकाची रक्कम भरावी लागते; हा खर्च किमतीच्या हिशेबात आधीच धरावा.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडून घेत असाल, तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकृतता प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला संकोच करू नये. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांसाठी नियम लागू आहेत आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना आरटीओला द्यावी लागते.

परराज्यातील स्वस्त गाडीचा मोह

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी घातली, ती सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवली, आणि तेव्हापासून आठ-नऊ वर्षे वापरलेल्या दिल्ली पासिंगच्या गाड्या आपल्या गाडीबाजारात मोठ्या संख्येने दिसू लागल्या. गाडी चांगली असू शकते, पण जाहिरातीतली किंमत ही तिची खरी किंमत नसते. तिकडच्या आरटीओचे फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातला एकरकमी कर, नवा नोंदणी क्रमांक आणि तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठीचे हेलपाटे यांचा हिशेब मांडला, की येथील गाडीशी असलेला फरक बऱ्याचदा उरत नाही. १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करणे कलम ४७ प्रमाणे बंधनकारक आहे.

पुरात बुडालेली गाडी न ओळखणे

२६ जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ मधले सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मधले चिपळूण आणि महाड, त्याशिवाय २०१५ आणि २०२३ मधले चेन्नई: अशा प्रत्येक पुरानंतर हजारो गाड्या धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हर चढवून दूरच्या जिल्ह्यांत विकल्या जातात. इंजिन खोलून साफ करता येते, परंतु वायरिंगच्या जोडण्या, एअरबॅगचे सॉकेट आणि संगणकीय युनिट यांत शिरलेला गाळ आत राहून धातू खात राहतो, आणि दोष दिसायला लागतात ते घेतल्यानंतर काही महिन्यांनी. कधी काच खाली होत नाही, कधी दिवे आपोआप लागतात, कधी चालत्या गाडीचे इंजिन बंद पडते. कोणतेही गॅरेज हा त्रास मुळापासून मिटवू शकत नाही.

ओळखण्याची सर्वांत साधी जागा म्हणजे सीट बेल्ट. पट्टा पूर्ण टोकापर्यंत, अडेल तोवर ओढून काढावा. रोजच्या वापरात कधीच बाहेर न येणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी रेघ, गाळाची पूड किंवा ताठरपणा असेल, तर पाणी कुठवर चढले होते हे ती रेघच सांगते. त्यानंतर पुढचे सीट मागे सरकवून रुळांवरचे बोल्ट पाहावेत, डिकीतील स्टेपनी उचलून तिच्याखालच्या खोलगट जागेत हात फिरवावा, गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा फोम दाबावा, हेडलॅम्पच्या आत पाण्याची रेषा आहे का ते बघावे. दहा वर्षांच्या गाडीत सगळे गालिचे कोरे करकरीत असणे, आत सुगंधी द्रव्याचा उग्र वास असणे, ही शंका घेण्याची कारणे आहेत. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागावी, आणि विक्रेता ती देण्यास टाळाटाळ करत असेल तर त्यातून योग्य तो अर्थ काढावा.

रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनारपट्टीवरच्या गाड्यांत पूर नसला तरी खारी हवा असते; तेथील गाडी जॅकवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालचा पत्रा टोकदार वस्तूने टोचून पाहिल्याखेरीज घेऊ नये.

गरम इंजिनावर परीक्षा

तुम्ही पोहोचण्याआधीच गाडी चालू करून ठेवलेली असेल, तर बॉनेटवर हात ठेवून ते लगेच कळते, आणि अशा वेळी शांतपणे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे. थंड इंजिन किती सेल्फला चालू होते, टायमिंग चेनचा, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडणाऱ्या साखळीचा, खडखडाट किती वेळ राहतो, पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो, हे सारे त्या पहिल्या दोन मिनिटांतच कळते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते आहे. सकाळची थोडी पांढरी वाफ स्वाभाविक असते, पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर आणि ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा फेस दिसला, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग बंद ठेवणारा पातळ थर, गेल्याची शक्यता आहे. किल्ली फिरवताच चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि थोड्या वेळात विझले पाहिजेत. जो दिवा मुळी लागतच नाही, तो कोणीतरी काढून ठेवलेला असू शकतो.

किलोमीटरबद्दल इतकेच, की ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हरच्या सीटचा खचलेला कोपरा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदी यांच्याशी न जुळणारे मीटर खोटे समजावे. टायरवरच्या चार आकड्यांवरून त्याचे वय कळते: २३१९ म्हणजे २०१९ मधील तेविसावा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले कसे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मोटारसायकलची पाहणी लोक फार घाईत उरकतात, खरे तर तिचे दोष मोटारीपेक्षा स्पष्ट दिसतात. मधल्या स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवावे. ते सरळ रेषेत आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडकले, तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या नळीतले बेअरिंग, गेला आहे. मागच्या चेन स्प्रॉकेटच्या (दातेरी चक्राच्या) सर्वांत मागच्या बाजूला चेन बोटांनी ओढून पाहावी. ती दात उघडा पडेपर्यंत उचलली गेली, किंवा दात आकड्यासारखे वाकलेले दिसले, तर पूर्ण सेट बदलावा लागेल, नुसती चेन बदलून उपयोग नाही. शॉकअबच्या दांड्यांवर ऑइलचा ओघळ, लिव्हरची घासलेली टोके, हँडल पूर्ण वळल्यावर जेथे टेकते त्या अडणीवरचा चेपलेला धातू, या अपघाताच्या खुणा आहेत. टाकीचे झाकण उघडून आत उजेड टाकावा, कारण गंजलेली टाकी कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा चोंदवते.

घेतल्यावर होणाऱ्या चुका

‘मागच्याने आत्ताच सर्व्हिसिंग केले आहे’ यावर विश्वास ठेवून गाडी तशीच वापरणे ही पहिली चूक. पावती नसेल तर झालेले नाही असे धरून इंजिन ऑइल, ऑइल, हवा आणि इंधन असे तिन्ही फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. घाट उतरताना पेडल अचानक मऊ पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनासारख्या इंजिनांत टायमिंग बेल्ट असतो आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनच खोलावे लागते, तर स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलमध्ये चेन असते. आपल्या गाडीत काय आहे हे माहितीपुस्तिकेत पाहून, बेल्ट केव्हा बदलला याचा पुरावा नसल्यास तो लगेच बदलावा.

गाडी गरम होत असल्यास काही मेस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह तापमानानुसार उघडणारी झडप, काढून टाकतात आणि काटा खाली आला म्हणून मालक खूश होतो. हा उपाय नव्हे. इंजिन कायम थंड चालते, ॲव्हरेज घसरते, झीज वाढते आणि मूळ दोष, मग तो गळका होज असो, बंद पडलेला पंखा असो किंवा साध्या पाण्याने गंजलेला रेडिएटर असो, तसाच राहतो. कूलंटऐवजी नळाचे पाणी भरण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये.

सकाळी गाडी चालू होत नाही म्हणून तडक नवी बॅटरी घेण्यापूर्वी मल्टिमीटरने मोजावे. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. चालू इंजिनावर आकडा वाढत नसेल तर दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडे आहे, नवी बॅटरीही आठवड्याभरात उतरेल. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर अलाइनमेंटला जाण्याआधी हवा तपासावी, पुढचे दोन टायर आपसांत बदलून पाहावेत, आणि थोडे चालवून थांबल्यावर एका बाजूची रिम दुसरीपेक्षा खूप गरम लागते का ते हात जवळ नेऊन पाहावे, कारण जाम झालेला ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, हेच लक्षण दाखवतो.

मोटारसायकलमध्ये मोटारीचे ऑइल ओतणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारीच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे मानक आहे याची खात्री करावी.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांतील रबरी नळ्या व गॅस्केट त्या प्रमाणासाठी बनवलेल्या नाहीत. अशी गाडी घेतल्यावर इंधनाच्या नळ्या चिरल्या किंवा फुगल्या आहेत का ते पाहून त्या नव्या टाकाव्यात. कार्ब्युरेटरची मोटारसायकल महिनाभर किंवा अधिक काळ उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढून टाकावे. न काढल्यास पायलट जेट, म्हणजे मंद गतीला पेट्रोल देणारे बारीक छिद्र, चोंदतो, गाडी केवळ चोकवर चालते आणि चोक सोडताच बंद पडते, तेव्हा प्लग बदलण्यात पैसे न घालवता कार्ब्युरेटरच साफ करून घ्यावा.