युरोपला नट-बोल्ट पाठवताना सीबॅमचा हिशेब

1 जानेवारी 2026 पासून युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन-आकार, म्हणजेच सीबॅम, लागू झाला आहे. पैसे भरतो तिथला आयातदार. माल बनवताना किती कार्बन उत्सर्जन झालं, हे आकडे मात्र आपल्याला द्यावे लागतात.

आधी मालाचा सीमाशुल्क कोड बघा. 7318 (नट, बोल्ट, स्क्रू) आणि 7326 (लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू) सीबॅमच्या यादीत आहेत, 7325 मधलं ओतकाम नाही. पहिले सहा अंक सगळीकडे सारखे. आठ अंकी कोड मात्र आयातदाराकडूनच घ्या, आपला भारतीय कोड तिथे जुळेलच असं नाही.

मग इंधन. समजा वर्षाला 1000 टन बोल्ट आणि भट्टीला 40 टन एलपीजी. एक टन एलपीजीतून सुमारे 2.98 टन कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 119 टन, टनामागे 0.12. पोलादासाठी विजेचं उत्सर्जन या आकारात धरत नाहीत.

खरा भार ज्या पोलादी तारेपासून बोल्ट बनतात तिच्यात असतो, आणि चूकही तिथेच होते. टनभर बोल्टला 1.1 टन तार लागत असेल आणि तारेचा उत्सर्जनाचा आकडा टनामागे 2 टन असेल, तर 2.2 धरा, 2 नव्हे. एकूण 2.32. कोळशावरच्या स्पंज आयर्नपासूनची (खनिजापासून न वितळवता काढलेल्या लोखंडाची) तार या कार्बनच्या हिशेबात महाग पडते, भंगार वितळवून केलेली बरीच स्वस्त. म्हणून तार घेतानाच, हीट नंबरसह (पोलादाच्या त्या वितळणीचा क्रमांक), पोलाद गिरणीकडून उत्सर्जनाचा आकडा लेखी मागा. नंतर कोणी देत नाही.

प्रत्यक्ष आकडे मान्यताप्राप्त पडताळणीदाराकडून तपासलेले नसतील, तर ठरावीक वाढीव मूल्यं लागतात. आयातदाराची सीबॅममधल्या मालाची वर्षाची एकूण आयात 50 टनांपर्यंत असेल तर सूट आहे. ती मर्यादा त्याची, तुमची नव्हे.