पायडल नीट मारा, त्याच दमात जास्त लांब जाल

सायकलचा स्पीड वाढवायचा म्हटलं की लोक आधी हलकी सायकल, बारीक टायर, शूज यांच्या मागे लागतात, पायडल मारणं तर लहानपणापासून येतंच की, त्यात काय शिकायचं! पण ग्रुप राईडमध्ये थोडं मागे राहून पुढच्यांचे पाय बघा. एकजण जड गिअरवर एकेक पायडल रेटत, खांदे हलवत चाललेला असतो आणि त्याच स्पीडला त्याच्या बाजूचा गप्पा मारत आरामात पाय फिरवत असतो. ताकदीचा फरक असेलही, पण बऱ्याचदा तो पद्धतीचा असतो.

सगळ्यात आधी सीटची उंची बघा, ती चुकली तर पुढचं सगळं फुकट. थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून बरेच जण सीट खालीच ठेवतात आणि मग गुडघे छातीशी येईपर्यंत वाकतात. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल एकदम खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे पण कंबर त्या बाजूला झुकता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो, 25 ते 35 डिग्री, तेवढा हवाच. आकडाच पाहिजे असेल तर जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घेऊन त्याला 0.883 ने गुणा, म्हणजे माप 80 सेंमी आलं तर क्रँक (पायडल ज्या दांड्याला असतं तो) ज्या मध्याभोवती फिरतो तिथपासून सीटच्या वरपर्यंत 70.6 सेंमी. हा फॉर्म्युला फक्त सुरुवातीला, नंतर शरीर काय सांगतंय ते ऐका. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुतेक वर आहे. बदल करताना एकावेळी 5 मिमीच करा आणि दोन-चार राईड तसंच चालवून बघा.

आता कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पायडलच्या किती फेऱ्या होतात ते. सेन्सर नसला तरी चालतं, 15 सेकंदात उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते मोजायचं आणि 4 ने गुणायचं. नवीन माणूस साधारण 60-70 ला असतो, सराव झालेले 80 ते 95 च्या आसपास. याने काय होतं ते हिशोबानेच बघा. समजा 150 वॅट लावताय आणि क्रँक 170 मिमीचा आहे, तर 60 च्या कॅडन्सला फेरीभर सरासरी 14 किलोच्या आसपास जोर लागतो आणि 90 ला साडेनऊ किलो. काम तेवढंच, स्पीड तोच, पण मांड्यांवर आणि गुडघ्यांवर प्रत्येक वेळी येणारा भार कितीतरी कमी. त्याच्या बदल्यात हार्ट रेट थोडा वाढतो, पण श्वास लवकर ताळ्यावर येतो आणि भरून आलेल्या मांड्या दुसऱ्या दिवशीपर्यंत भरलेल्याच राहतात, त्यामुळे लांबच्या राईडला हा सौदा परवडतो. पण म्हणून उगाच 110 वर पाय भिरभिरवत बसू नका, निवांत चालवताना 65-70 लाच कमी ऑक्सिजन लागतो, जसजसा जोर वाढतो तसतसा जास्त कॅडन्सचा फायदा दिसायला लागतो.

खरी गंमत एका फेरीच्या आत आहे. फेरीला घड्याळ समजा. पायडल 12 वर असताना नुसतं खाली दाबून उपयोग नाही, तिथे पाय पुढे ढकलायचा. 1 ते 5 मध्ये खरा जोर, त्यातही 3 च्या आसपास सगळ्यात जास्त. 5 च्या पुढे दाबणं सोडायचं आणि चपलेला लागलेला चिखल पायपुसण्यावर घासून काढतो तसा पाय मागे ओढायचा. 6 वरही दाबत राहिलात तर तो जोर चाक फिरवायच्या ऐवजी तुम्हालाच सीटवरून वर उचलतो, फास्ट पाय फिरवताना ढुंगण सीटवर आदळत असेल तर कारण बहुतेक हेच.

आणि 6 ते 12? इथे सगळीकडे सांगतात की पायडल वर ओढा. माझं मत, नका ओढू. 2007 मध्ये सायकलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात मुद्दाम वर ओढायला लावलं तर जोर क्रँकवर दिसायला जास्त नीट लागला पण शरीराची एनर्जी जास्त खर्च झाली, म्हणजे एकूण तोटाच. वर येणारा पाय फक्त हलका करायचा, बस. बऱ्याच जणांचा तो पाय नकळत पायडलवर नुसता पडून असतो, म्हणजे खाली जाणारा पाय चाकही फिरवतोय आणि वर दुसऱ्या पायाचं ओझंही उचलतोय. गुडघा हँडलकडे जातोय एवढंच मनात ठेवा, पाय आपोआप हलका होतो. आणि हे साध्या पायडलवरही जमतं, त्यासाठी क्लीटच (शूजच्या तळाला लावून पायडलमध्ये अडकवायचे तुकडे) पाहिजेत असं काही नाही. क्लीट लावणार असाल तर मात्र पायडलचा ॲक्सल (ज्यावर ते फिरतं तो दांडा) चवड्याच्या खाली किंवा किंचित मागे येईल असं लावा, बोटांखाली आला तर पोटऱ्या बोंबलतात.

सरावासाठी सपाट, रिकामा रस्ता किंवा ट्रेनर (सायकल जागेवर धरून ठेवणारा स्टँड) घ्या. हलक्या गिअरवर कॅडन्स हळूहळू वाढवत न्यायचा, ढुंगण आदळायला लागलं की किंचित खाली यायचं आणि तिथेच अर्धा-एक मिनिट टिकवायचं, असं चार-पाच वेळा. ट्रेनर असेल तर एका पायाने 30 सेकंद मारून बघा (रस्त्यावर नको, तोल जातो), 12 आणि 6 च्या जवळ चेन सैल पडून खट्ट आवाज येईल, तिथेच तुमचा जोर तुटतोय. या वेळी वरचं शरीर सैल ठेवा, हँडल आवळून धरलं की सगळी मेहनत खांद्यात जाते. गुडघेही समोरून बघायला सांगा कुणाला तरी, ते बाहेर फेंगाडता कामा नयेत.

चढावर मात्र सगळं गिअरवर आहे. चढ सुरू झाल्यावर, कॅडन्स 50 ला आल्यावर गिअर बदलायला गेलात की चेन कडकड करते आणि उरलासुरला मोमेंटमही जातो, म्हणून पायांवर ओझं जाणवायच्या आधीच एक गिअर हलका करा. उभं राहून मारायचं असेल तर उलट, उठायच्या आधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय पटकन खाली जातो आणि सायकल क्षणभर मागे खेचल्यासारखी होते, मागून कुणी चिकटून येत असेल तर त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागू शकतं.