हवेच्या वाटेने इंजिनात पाणी शिरल्यास काय करावे

पावसाळ्यात अंधेरीचा किंवा मिलनचा सबवे भरला, हिंदमाताच्या चौकात गुडघाभर पाणी साचले, की बंद पडलेल्या मोटारींची रांग दिसते आणि त्या रांगेतून सेल्फ मारल्याचा घरघराट ऐकू येतो. तो आवाज ऐकला की मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांपैकी पुष्कळ इंजिने त्या क्षणापर्यंत शाबूत असतात. पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे मोठे नुकसान बहुतेक वेळा ती बंद पडताना होत नाही, तर बंद पडल्यानंतर किल्ली पुन्हा फिरवल्यामुळे होते. म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सूचना अशी, की पाण्यात इंजिन आचके देऊन थांबले, तर ते पुन्हा सुरू करण्याचा एकदाही प्रयत्न करू नये.

यामागचे गणित समजून घेतले, तर ही सूचना आणीबाणीच्या वेळीही लक्षात राहते. १.२ लिटरच्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ३०० मिलिलिटर येतात. संपीडनाचे प्रमाण, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, १०:१ धरले, तर पिस्टन सर्वांत वर आल्यावर त्याच्या डोक्यावर सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे मावतील एवढीच जागा उरते. हवा दाबली जाते, पाणी मात्र जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे दोन्ही झडपा बंद असताना सिलिंडरमध्ये याहून अधिक पाणी असेल, तर वर येणारा पिस्टन मध्येच अडतो आणि सगळा जोर पिस्टनला इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी (क्रँकशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर येऊन तो वाकतो. १.५ लिटरच्या डिझेल इंजिनात हे प्रमाण १६:१ च्या आसपास असते, म्हणून तेथे जेमतेम २५ मिलिलिटर पाणी पुरते. धक्का मारून गिअरमध्ये गाडी सुरू करणे तर सेल्फ मारण्याहूनही वाईट, कारण तेव्हा संपूर्ण गाडीचे वजन त्या रॉडवर येते.

पाणी शिरते कोठून, याबद्दल बराच गैरसमज आहे. सायलेन्सरमधून पाणी आत जाईल या भीतीने अनेक जण पाण्यात शिरताच ॲक्सिलरेटर जोरात दाबतात. चालू इंजिनाचा धूर बाहेर ढकलला जात असतो, त्यामुळे धोका मागून फारसा नसतो; तो पुढून, एअर फिल्टरच्या डब्याकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडातून असतो. हे तोंड बऱ्याच लहान गाड्यांमध्ये जाळीमागे, हेडलाइटच्या आसपास असते. रेस वाढवली की इंजिन अधिक हवा ओढते, वेग वाढवला की बॉनेटसमोर पाण्याची लाट उभी राहते, आणि समोरून बस गेली तर तिची लाट त्यात भर घालते. आपल्या गाडीतले हे तोंड नेमके कोठे आहे, ते कोरड्या दिवशी बॉनेट उघडून एकदा पाहून ठेवावे. महिंद्रा थारला ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली आहे. साध्या हॅचबॅकने मात्र चाकाच्या निम्म्याहून अधिक पाण्यात शिरूच नये, असे माझे ठाम मत आहे. जावेच लागले, तर पहिल्या गिअरमध्ये, संथ आणि एकसारख्या गतीने जावे, आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद करून पुन्हा सुरू करणारी सोय असल्यास ती आधीच बंद करावी.

गाडी बंद पडल्यावर इग्निशन बंद करावे, बटणाची गाडी असेल तर सुरू करण्यासाठी बटण पुन्हा दाबू नये, आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकावा. पाणी वाढत असेल, तर गाडीचा विचार सोडून लगेच बाहेर पडावे. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, मुंबईत माणसे बंद गाड्यांमध्ये अडकून दगावली होती. विजेवर चालणाऱ्या काचा आणि पाण्याच्या दाबाने न उघडणारी दारे यांचा भरवसा धरता येत नाही. पाणी स्थिर आणि उथळ असेल, तर गाडी ढकलून उंच जागी न्यावी आणि बॅटरीची ऋण तार काढावी. पुढे गॅरेजपर्यंत ती फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, चढवून न्यावी. ऑटोमॅटिक गाडीच्या बाबतीत तर दुसरा पर्याय धरूच नये.

आता तपासणी. गाडी केवळ विजेच्या जोडण्या ओल्या झाल्यामुळेही बंद पडू शकते. चालकाच्या जागेवर बसून हा फरक ओळखता येत नाही. त्यासाठी एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण उघडावे. फिल्टरचा कागद आणि डब्याचा तळ पूर्ण कोरडा असेल, तर इंजिन बहुधा वाचलेले असते. कागद भिजलेला असेल, किंवा फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत ओल असेल, तर पाणी आत गेले आहे असेच समजून चालावे. त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहावी. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल किंवा त्याची पातळी वाढलेली असेल, तर इंजिन हातानेही फिरवण्याआधी ऑइल काढावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते, म्हणून खालचा बोल्ट सैल करताच आधी पाणीच बाहेर येते.

पुढचे काम ओळखीच्या, सावकाश काम करणाऱ्या मेकॅनिककडून करून घ्यावे आणि शक्य तर समोर उभे राहावे. पेट्रोल गाडीत इंधनपंपाचा फ्यूज काढून, प्लगना वीज देणाऱ्या कॉइलच्या जोडण्या सोडवून ठिणगी पाडणारे चारही प्लग काढावेत. डिझेल गाडीत सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग काढतात. इंधन फवारणारे इंजेक्टर काढावे लागल्यास ते काम जाणकाराचेच आहे. मग क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचे चक्र पुरे होते. मध्येच अडले, तर जोर लावू नये. सुरळीत फिरले, तरच बॅटरी जोडून थोडा थोडा सेल्फ द्यावा. प्लगच्या भोकांतून पाण्याचे फवारे उडतात, म्हणून तोंड वाकवून पाहू नये.

टर्बो गाड्यांमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर. तो बहुतेकदा खाली, बंपरमागे असतो आणि त्यात बरेच पाणी साठून राहते. सिलिंडर कोरडे करून इंजिन सुरू केले, की तेच पाणी पुन्हा आत ओढले जाते आणि वाचलेला रॉड वाकतो. आमच्या सोसायटीतल्या एका डिझेल गाडीचे असेच झाले, तेही सगळी खबरदारी घेतल्यानंतर. इंटरकूलरच्या दोन्ही नळ्या सोडवून तो रिकामा करूनच पुढे जावे.

रॉड वाकला आहे का, हे इंजिन न खोलताही बरेचसे कळते. प्लगच्या भोकातून लाकडी काडी सोडून पिस्टन सर्वांत वर असताना तिच्यावर खूण करावी आणि चारही खुणांची तुलना करावी. वाकलेल्या रॉडचा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहतो. जोडीला कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजण्याची चाचणी, करावी. फरक आढळला, तर इंजिन खोलण्यावाचून पर्याय नाही, कारण किंचित वाकलेला रॉड काही महिने चालून पुढे तुटतो आणि ब्लॉकच फोडतो. सगळे ठीक असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, नवीन ऑइल व फिल्टर घालावेत, पंधरा मिनिटे मंद गतीवर चालवावे आणि ऑइल पुन्हा पांढरट झाले तर पुन्हा बदलावे. हे सर्व शक्यतो त्याच दिवशी करावे, कारण सिलिंडरच्या भिंतींवर आणि रिंगांवर गंज एक-दोन दिवसांतच धरू लागतो.

येथेच विम्याचा पेच येतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात अशा परिणामजन्य, म्हणजे मूळ घटनेमुळे मागाहून झालेल्या, नुकसानीची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकवच घेतलेले असावे लागते, आणि ‘झिरो डेप्रिसिएशन’ (भरपाईतून घसारा न कापणारे कवच) घेतले म्हणजे ते आलेच असे नाही. पाण्यात पुन्हा सेल्फ मारल्याचे दिसले, तर दावा अडचणीत येऊ शकतो. म्हणून गाडी पाण्यात असतानाच, सुरक्षित जागेवरून, पाण्याची पातळी दिसेल असे छायाचित्र काढावे आणि कंपनीला तेथूनच कळवावे. कंपनीसाठी नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन खोलू नये, परंतु दोन दिवस थांबून गंज चढू देणेही बरे नव्हे. त्याला ईमेल करून प्लग काढून पाणी निचरण्याची लेखी परवानगी मागावी, आणि प्रत्येक टप्प्याचे, विशेषतः भिजलेल्या फिल्टरचे आणि निघालेल्या ऑइलचे, छायाचित्र काढून ठेवावे.