सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका : या चुका टाळा

कॉलेज रोडच्या क्लासमधून बाहेर पडलेली पोरं उबंटू लिनक्स टाकतात आणि लगेच 'सुडो पिप इन्स्टॉल' सुरू. पिप पायथनची पॅकेजेस टाकतो, सुडो त्याला ॲडमिनचे अधिकार देतो. परवानगीचा एरर आला की पुढे सुडो लावायचं, हे ज्याने शिकवलं त्याला कोपरापासून नमस्कार.

उबंटूसोबत येणारा पायथन तुमच्यासाठी ठेवलेला नाही. उबंटूचे आपोआप होणारे अपडेट, सॉफ्टवेअरचे नवे स्रोत जोडणारं ॲड-ॲप्ट-रिपॉझिटरी, सगळं त्यावर चालतं. सुडो पिपने टाकलेलं पॅकेज यूएसआर-लोकल फोल्डरमध्ये जातं आणि पायथन ॲप्टच्या (उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज मॅनेजरच्या) पॅकेजआधी तेच उचलतो. ॲप्टला पत्ताही नसतो.

अंबडच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची साइट ऐन हंगामात 'असुरक्षित' दिसायला लागली. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं, साइट सुरक्षित दाखवणारं ९० दिवसांचं सर्टिफिकेट संपलेलं. ते आपोआप नवं करणारा सर्टबॉट, तोही सिस्टीमच्या पायथनवरच चालणारा, मुदतीच्या महिनाभर आधीपासून रोज दोनदा प्रयत्न करतो. म्हणजे महिनाभर तो आपटत होता आणि लॉग कोणी उघडला नव्हता. हाताने चालवला तर सुरू होतानाच मेला, एक्स-५०९ चं लांबलचक नाव सापडत नाही म्हणून. इंटर्नने स्वतःच्या स्क्रिप्टसाठी क्रिप्टोग्राफी पॅकेज सुडो पिपने अपग्रेड केलेलं, सर्टबॉटला लागणारं ॲप्टचं जुनं पायओपनएसएसएल पॅकेज त्याच्याशी जुळेना. पिपची प्रत काढली, सर्टबॉट चालू. काढायला मिनिट, शोधायला अख्खी दुपार. त्यावर इंटर्न म्हणतो, "पण सर, माझी स्क्रिप्ट तर चालत होती!"

दुसरी चूक, 'पायथन३' या कमांडचा दुवा नव्या आवृत्तीकडे वळवणं. उबंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे आणि ॲप्टशी बोलणारं 'ॲप्ट_पीकेजी' मॉड्यूल त्याच्यासाठीच कंपाइल झालंय. दुवा हलला की ते सापडत नाही. ३.१२ खुशाल टाका, पण 'पायथन३.१२' म्हणूनच चालवा.

'ॲप्ट रिमूव्ह पायथन३' करणाऱ्यांनी डेस्कटॉपचा आधीच निरोप घ्यावा.

उबंटू ज्यावर बेतलंय त्या डेबियनमध्ये, २०२३ च्या डेबियन १२ पासून, पिप स्वतःच अडवतो, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणतो. तरी लोक कुठूनतरी ही अडवणूक डावलणारा 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' पर्याय उचलून चिकटवतात. घाई कसली एवढी?

माझी सवय : प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये 'पायथन३ -एम व्हेन्व', म्हणजे त्या कामापुरती पॅकेजेसची वेगळी जागा. ते कुरकुरलं तर ॲप्टने पायथन३-व्हेन्व टाकायचं. कमांड लाइनच्या टूल्ससाठी पिपएक्स, ते प्रत्येक टूलला स्वतःचा व्हेन्व देतं. व्हेन्व ॲक्टिव्हेट मी करतच नाही. व्हेन्वमधल्या पायथनचा पूर्ण पाथ लिहितो, ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्येही तोच.