चहातले गुण अंगी लागावेत म्हणून चहा कसा करावा आणि कधी प्यावा

चहातल्या अँटिऑक्सिडंट्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता चहा चांगला? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. एकाच डब्यातली पत्ती घ्या. एक कप नीट मुरवून, थोडा निवू देऊन, जेवणानंतर तासाभराने घेतला. दुसरा भरपूर साखर घालून, जीभ भाजेल इतका गरम, जेवणासोबतच घेतला. शरीराच्या दृष्टीने ही जवळपास दोन वेगळी पेयं आहेत. म्हणून पत्ती निवडण्याइतकाच विचार पुढच्या पायऱ्यांचा करावा, असं मला मनापासून वाटतं.

पायरी १: पानात काय आहे ते समजून घ्या

हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाच्या पानांपासून होतात. (गवती चहाच्या नावात चहा असला तरी ती वेगळी वनस्पती आहे, खाली लिहिलेलं तिला लागू नाही.) फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. पान चुरडलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते काळपट होऊ लागतं, चिरलेलं सफरचंद होतं तसंच. हिरव्या चहाचं पान लगेच वाफवतात किंवा कढईत परततात, त्यामुळे ही क्रिया थांबते आणि कॅटेचिन नावाची मूळ द्रव्यं टिकतात. त्यातलं सर्वांत ठळक म्हणजे ईजीसीजी. काळ्या चहात हीच कॅटेचिनं बदलून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन बनतात. चहाचा तांबूस रंग त्यांच्यामुळेच येतो. म्हणजे काळ्या चहातले गुण नाहीसे होत नाहीत, त्यांचं रूप बदलतं.

आता अँटिऑक्सिडंट या शब्दाविषयी. काचेच्या नळीत चहाची ही द्रव्यं पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल्सना झपाट्याने निष्प्रभ करतात. शरीरात मात्र त्यांचा थोडाच भाग रक्तात पोचतो. बराचसा मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जीवाणू त्याचे तुकडे करतात. त्यामुळे नळीतल्या आकड्यांवरून शरीरातल्या फायद्याचा हिशेब मांडता येत नाही. त्यापेक्षा भक्कम धागा रक्तवाहिन्यांचा आहे: चहातली फ्लॅव्होनॉइड्स (कॅटेचिनं याच गटातली) वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार करायला मदत करतात आणि वाहिन्या सैलावतात.

मोठ्या पाहण्याही याच दिशेने बोट दाखवतात. जपानमध्ये ४०,५३० प्रौढांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भरपूर हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले; कर्करोगाच्या मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवरचा अभ्यास २०२२ साली आला. ही मंडळी मुख्यतः काळा चहा पिणारी. दिवसाला दोन किंवा अधिक कप घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी दिसला. हे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. तरी ज्यांना हिरवा चहा घशाखाली उतरत नाही, त्यांनी काळ्या चहावर निर्धास्त राहावं, इतकं यातून नक्की घेता येतं.

पायरी २: पाणी आणि वेळ सांभाळा

एका कपाला, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाण्याला, २ ग्रॅम पत्ती पुरते. काळ्या चहासाठी चांगलं उकळतं आधण हवं. पत्ती टाकून झाकण ठेवा आणि ३ ते ५ मिनिटं मुरू द्या. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश सेल्सिअसचं पाणी घ्या. थर्मामीटर नसेल तर पाणी उकळून गॅस बंद करा, भांडं काही मिनिटं उघडं ठेवा आणि मग पत्तीवर ओता. २ ते ३ मिनिटांनी गाळून घ्या.

जास्त गरम पाण्यात कॅटेचिनं जास्त उतरतात, हे खरं. मग पाणी निववायचं कशाला? कारण कडवटपणाही तेवढाच उतरतो, आणि चहा कडू लागला की हात साखरेच्या डब्याकडे जातो. हिरवा चहा सोडून दिलेल्या कित्येकांनी तो फक्त उकळत्या पाण्यात करून पाहिलेला असतो. त्यांनी एकदा निवलेल्या पाण्यात करून बघावा.

पायरी ३: साखर उतरवा, दुधाचा फार घोर नको

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी. ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या खाली राहिली तर अधिक चांगलं. एका छोट्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ३२ ग्रॅम, तेही फक्त चहातून. एकदम बंद केली तर जिभेला सहन होत नाही. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, जीभ जुळवून घेते.

दुधाबाबत पुरावा दोन्हीकडे झुकतो. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या द्रव्यांना चिकटतं. २००७ साली बर्लिनमध्ये १६ स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात कोऱ्या काळ्या चहाने रक्तवाहिन्या सैलावल्या, पण दूध घातल्यावर तो परिणाम दिसेनासा झाला. इतर काही प्रयोगांत मात्र दुधामुळे रक्तातली कॅटेचिनं कमी झाली नाहीत. दुधाचा चहा आवडत असेल तर तो सोडू नका, दिवसातला एखादा कप कोरा घ्या, एवढंच मी सुचवेन. त्यात लिंबू पिळलं तर आणखी छान, कारण क जीवनसत्त्वामुळे कॅटेचिनं पचनमार्गात जास्त टिकतात.

पायरी ४: निवू द्या

ही पायरी सगळ्यात सोपी, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं. दोष चहाचा नाही, उष्णतेचा आहे. अन्ननलिका रोज पोळत राहते. कप पाच मिनिटं तसाच ठेवा. घोट घेताना फुंकर मारावी लागत असेल तर अजून थांबा.

पायरी ५: जेवणापासून आणि झोपेपासून अंतर ठेवा

चहातली पॉलिफेनॉल्स (कॅटेचिनं यांतच मोडतात) धान्यं, डाळी आणि पालेभाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे ते शरीरात कमी शोषलं जातं. मांसातल्या लोहावर हा परिणाम बराच कमी होतो, म्हणून शाकाहारी माणसाने जास्त जपावं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवलं तर अडथळा पुष्कळ कमी होतो. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, ज्या स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव होतो, ज्या गरोदर आहेत, त्यांनी हा नियम अगदी कटाक्षाने पाळावा. लोहाची गोळी चहासोबत कधीही घेऊ नये. औषध नियमित चालू असूनही गुण येत नसेल तर गोळी कशासोबत घेतो, हे आधी तपासा.

झोपेचं गणित सोपं आहे. काळ्या चहाच्या मोठ्या कपात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असतं, हिरव्यात सुमारे ३०. शरीरातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सातला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीही शिल्लक असतं. शेवटचा कप निजण्याच्या सहा तास आधी आटोपलेला बरा. दिवसभरात निरोगी प्रौढांना ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांना २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, असं युरोपीय अन्नसुरक्षा संस्था सांगते. कॉफी आणि शीतपेयंही याच हिशेबात धरायची.

पायरी ६: गोळीत चहा शोधू नका

हिरव्या चहाचा अर्क कॅप्सूलमध्ये मिळतो. कपात जे थोडंथोडं येतं ते इथे एकदम येतं. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी अशा पूरकांतून घेणाऱ्यांत यकृताला इजा दाखवणारी एन्झाइम्स वाढलेली आढळली, असं याच युरोपीय संस्थेने २०१८ साली नोंदवलं आहे. अर्काच्या गोळ्या घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

औषधांचंही पाहावं लागतं. हिरव्या चहामुळे रक्तदाबावरचं नॅडोलॉल कमी शोषलं जातं, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या परिणामात भरपूर हिरव्या चहाने फरक पडू शकतो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांना चहातलं ऑक्झलेट नडू शकतं. यांपैकी काही लागू असेल तर दिवसाला कोणता चहा किती कप घेता, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तपासणीच्या घाईत हा प्रश्न विचारायचा राहून जातो.