पायथनमधला बग: नोंदवण्यापासून मर्ज होईपर्यंत

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतच बग, म्हणजे चूक, सापडली तर ती कशी नोंदवायची आणि दुरुस्ती मूळ कोडमध्ये मर्ज, म्हणजे सामील, कशी होते ते इथे पाहू. आधी बग कशाला म्हणायचं ते. ‘मुंबई’ या शब्दाची लांबी पायथनला विचारली तर उत्तर येतं ५. आपण तीन अक्षरं मोजतो: मुं, ब, ई. पायथन युनिकोडचे (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाचे) कोडपॉइंट, म्हणजे असे क्रमांक असलेली सुटी चिन्हं, मोजतो: म, उकार, अनुस्वार, ब, ई. हा बग नाही. त्याच शब्दावर ‘इजअल्फा’, म्हणजे ‘यात सगळी अक्षरंच आहेत का?’ ही तपासणी, चालवलं तर फॉल्स (नाही) येतं, कारण युनिकोडच्या वर्गवारीत उकार आणि अनुस्वार ही अक्षरं नसून चिन्हं आहेत. हाही बग नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये कोणते वर्ग धरले जातात ते लिहिलेलं आहे. आता रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरात ठरावीक नमुना शोधण्याच्या सूत्राने) शब्द वेगळे करायला सांगा, म्हणजे बॅकस्लॅश डब्ल्यू आणि अधिकचं चिन्ह. ‘म’ आणि ‘बई’ असे दोन तुकडे हातात येतात. हे मात्र खरंच खटकणारं आहे आणि त्याची नोंद ट्रॅकरवर, म्हणजे बग नोंदवायच्या सार्वजनिक यादीत, २००७ पासून आहे. तिथे अडचण अशी की हे वागणं बदललं तर त्यावर विसंबून असलेल्या असंख्य चालू प्रोग्रॅमची उत्तरं बदलतील.

एकाच शब्दाचे हे तीन निकाल लक्षात ठेवा. नवीन माणसाचे बहुतेक इश्यू (ट्रॅकरवरच्या नोंदी) बंद होतात ते चुकीच्या कोडमुळे नाही. समोर दिसतंय ते बग आहे, ठरवून ठेवलेलं वागणं आहे की दुसऱ्याच कुणाचा बग आहे, हे आधी न तपासल्यामुळे ते बंद होतात.

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. काही कीबोर्ड त्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि य टाकतात. काही जण साधा र, हलन्त, न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर आणि य असा लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलना केली की फॉल्स. नॉर्मलायझेशन (समतुल्य रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची प्रक्रिया) केलं तरी हे दोन रूपं एक होत नाहीत, कारण युनिकोडच्या लेखी ते समतुल्यच नाहीत. मतदारयादी किंवा ग्राहकांची नावं जुळवणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो. पायथनच्या ट्रॅकरवर त्याचं उत्तर मिळणार नाही. डेटा आत घेतानाच एक रूप ठरवून बदलून घ्यावं लागतं.

बग नक्की कुणाचा?

भारतातल्या नवशिक्यांना सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार वेळेचा आहे. पायटीझेड ही वेळविभागांची लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून ‘एशिया-कोलकाता’ हा विभाग थेट डेटटाइमच्या (तारीख-वेळ साठवणाऱ्या प्रकाराच्या) टीझेडइन्फोला दिला की ग्रिनिचपासूनचा फरक ५ तास ३० मिनिटांऐवजी ५ तास ५३ मिनिटं येतो. कारण पायटीझेड त्या विभागाची सर्वांत जुनी नोंद उचलतं, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली कोलकात्याची स्थानिक वेळ. त्या लायब्ररीत ‘लोकलाइझ’ वापरायचं असतं. पायथन ३.९ पासून मूळ भाषेतच वेळविभागांसाठी झोनइन्फो आहे आणि त्यात हा घोळ होत नाही. पायटीझेड ही वेगळी लायब्ररी, तिचा ट्रॅकर वेगळा. आणि तारखांचा डेटा तर या दोघांचाही नाही, तो टाइमझोन डेटाबेसातून येतो. मुंबईत १९५५ पर्यंत ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची ‘बॉम्बे टाइम’ वापरात होती, पण त्या डेटाबेसात मुंबईचा स्वतंत्र विभाग नाही. त्यामुळे एखाद्या जुन्या गिरणीच्या कागदांवरच्या वेळा झोनइन्फोने बदलून पाहिल्या तर जुळणार नाहीत, आणि त्यात पायथनची चूक नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार: तुमच्याच फोल्डरमध्ये ‘रँडम’ किंवा ‘ईमेल’ नावाची पायथन फाइल पडलेली असते आणि पायथन त्याच नावाच्या मूळ मॉड्यूलऐवजी (पायथनसोबत येणाऱ्या कोडच्या फाइलऐवजी) ती उचलतो. ३.१३ पासून अशा वेळी फाइलचं नाव बदलून पाहा असं एरर मेसेजच सुचवतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत कॅपिटल आय हा पर्याय देऊन चालवा. त्याने चालू फोल्डर, यूजरच्या लायब्ररी आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाजूला पडतात. अडचण नाहीशी झाली तर कारण तुमच्या मशीनवर आहे.

छोटा नमुना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोनशे ओळींचा प्रोग्रॅम आणि सोबत ‘चालत नाही’ असं लिहिलेला इश्यू कुणी उघडतही नाही. दहा ओळींचा नमुना, जो दुसऱ्याने कॉपी करून चालवला की एका मिनिटात तीच चूक दिसते, त्याला उत्तर मिळतं.

पद्धत सोपी पण चिकाटीची आहे. प्रोग्रॅमचा अर्धा भाग काढा आणि चालवा. चूक तशीच आली तर उरलेल्याचा अर्धा काढा. नाहीशी झाली तर तो भाग परत आणून दुसरा काढा. फाइलमधून वाचलेला डेटा थेट कोडमध्ये लिहा आणि तोही कमी करत न्या. नेटवर्क, डेटाबेस, पांडाज आणि नमपायसारख्या बाहेरच्या लायब्ररी हे सगळं निघालं पाहिजे. नमपाय काढल्यावर चूक जात असेल तर इश्यू नमपायकडे. बऱ्याचदा या काटछाटीतच आपली चूक सापडते, आणि ती वेळही वाया गेलेली नसते.

बीकेसी किंवा ऐरोलीच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी इथे एक काळजी घ्यावी. बँकेच्या किंवा ग्राहकांच्या डेटाची एकही ओळ, सर्व्हरची नावं, आतले पाथ (फाइलचे पत्ते) ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे चूक कोणत्या ओळींतून आली ते दाखवणाऱ्या मजकुरात, जाता कामा नयेत. इश्यू सार्वजनिक असतो आणि नंतर एडिट केला तरी आधीचं रूप मागे पाहता येतं. नमुना खोट्या नावांनी नव्याने लिहा.

इश्यू लिहिताना

पायथनचा कोड २०१७ पासून गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर आहे आणि इश्यू एप्रिल २०२२ पासून. आधी शोधा, आणि शोधताना बंद झालेले इश्यूही पाहा, कारण ‘हे असंच राहणार’ असा निर्णय तिथेच लिहिलेला असतो. नवीन इश्यूत नमुना, काय अपेक्षित होतं, काय आलं, पूर्ण ट्रेसबॅक, ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती द्या. आवृत्तीसाठी कॅपिटल व्ही दोनदा असलेला पर्याय वापरा, त्यात कंपायलर (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) आणि बिल्डची, म्हणजे तो बनवल्याची, तारीखही येते. ट्रेसबॅक मजकूर म्हणून चिकटवा. स्क्रीनशॉटमधलं काही शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. ‘अपेक्षित’ या भागात डॉक्युमेंटेशनमधलं कोणतं वाक्य मोडलं जातंय ते दाखवलंत तर निम्मा वाद तिथेच मिटतो. इंटरप्रिटर, म्हणजे तुमचा कोड चालवणारा पायथन प्रोग्रॅमच, क्रॅश होत असेल तर एक्स-फॉल्टहँडलर लावून चालवा, म्हणजे कोसळण्याआधी कोणत्या ओळीवर होता ते छापलं जातं.

सगळी माहिती पहिल्याच वेळी देण्याचं आपल्याकडे आणखी एक कारण आहे. बरेच रिव्ह्यूअर (इश्यू आणि दुरुस्त्या तपासणारे) युरोप-अमेरिकेत असतात. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा मुंबईत दुपार किंवा रात्र झालेली असते. ‘कोणती आवृत्ती?’ एवढ्या एका प्रश्नोत्तरात अख्खा दिवस जातो.

दुसऱ्याचा डेटा चोरता येईल किंवा सर्व्हर बाहेरून पाडता येईल असं काही सापडलं तर सार्वजनिक इश्यू उघडू नका. पायथनच्या सिक्युरिटी टीमला खासगीत कळवायची वेगळी सोय आहे.

आणि ऑफिसच्या कोडमध्ये बग टाळायला जो तात्पुरता उपाय केलात, त्याच्या शेजारी कॉमेंटमध्ये इश्यूचा नंबर लिहून ठेवा.

सोर्स बिल्ड करणं

दुरुस्ती करायची तर पायथनचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, आपल्या मशीनवर आणून त्यातून पायथन बनवावा लागतो. कोडची ही प्रत उतरवणं म्हणजे क्लोन. क्लोन घरी किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये चांगल्या नेटवर करा. रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा सगळा इतिहास) शेकडो एमबीची आहे आणि गिट या बदल सांभाळणाऱ्या टूलचा क्लोन मध्येच तुटला की पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. लोकलमध्ये मोबाइल हॉटस्पॉटवर हे जमत नाही. डेटा वाचवायला ‘डेप्थ १’ देऊन फक्त शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) आणता येतो, पण मग जुना इतिहास नसल्याने पुढे बायसेक्ट, म्हणजे दोषी कमिटचा शोध, करता येत नाही. त्यापेक्षा ‘फिल्टर ब्लॉब-नन’ बरा: इतिहास येतो, जुन्या फाइल लागतील तशा येतात.

विंडोज लॅपटॉप असेल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायच्या सोयीत) उबंटू हे लिनक्स घ्या, सुरुवातीला ते सोपं जातं. कंपायलरबरोबर ओपनएसएसएल, झेडलिब, लिबएफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन यांची ‘डेव्ह’ पॅकेजं बसवा. नाही बसवली तरी बिल्ड पूर्ण होतं, फक्त शेवटी कोणती मॉड्यूल बनली नाहीत त्यांची यादी येते. ती न वाचल्यामुळे मग एसएसएलची टेस्ट का चालत नाही हे शोधण्यात संध्याकाळ जाते. कॉन्फिगर चालवताना ‘विथ-पायडीबग’ द्या. हे बिल्ड हळू चालतं, पण सी कोडमधल्या चुकांवर लगेच थांबतं. मग मेक, सोबत जेवढे कोअर तेवढा जे-चा आकडा. बनलेला इंटरप्रिटर त्याच फोल्डरमध्ये असतो, ‘मेक इन्स्टॉल’ करायची गरज नाही. मॅकवर त्याला ईएक्सई असं शेपूट असतं. सोर्समध्ये कॅपिटल पीचं ‘पायथन’ फोल्डर आधीच आहे आणि मॅकची फाइल सिस्टिम सहसा लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून ही सोय.

आता नमुना या ताज्या मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य, चालू शाखेवर) पुन्हा चालवा. चूक आधीच दुरुस्त झालेली असू शकते.

पहिलं काम कोणतं घ्यावं

‘ईझी’ लेबलचे इश्यू शोधणारे खूप असतात. ‘मला असाइन करा’ असं विचारत बसू नका, तिथे ती पद्धत नाही. इश्यूला आधीच पुल रिक्वेस्ट (हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती) जोडलेली आहे का ते पाहा, नसेल तर काम सुरू करा. माझ्या मते त्याहून चांगली सुरुवात म्हणजे जुने इश्यू पुन्हा तपासणं. एखादा चार वर्षांपूर्वीचा इश्यू मेनवर चालवून ‘उबंटूवर अजूनही येतो, हा त्याचा छोटा नमुना’ एवढी कॉमेंट टाकली तरी ती खरी मदत असते, आणि त्यातून कोडची ओळख होते. लिब फोल्डरमध्ये पायथनमध्ये लिहिलेली मॉड्यूल आहेत, मॉड्यूल्समध्ये सी-मधली, ऑब्जेक्ट्समध्ये लिस्ट-डिक्शनरीसारखे मूळ प्रकार. सुरुवात लिबमधूनच करा.

पूर्वी चालत होतं आणि नव्या आवृत्तीत बिघडलं, असा बग असेल तर गिट बायसेक्ट वापरा, ते दर वेळी उरलेल्या कमिटांचे दोन भाग करून मधला तपासायला देतं. मधे चार हजार कमिट असले तरी साधारण बारा वेळा बिल्ड करून दोषी कमिट सापडतो. हे आपोआप करणाऱ्या ‘बायसेक्ट रन’ला स्क्रिप्ट देताना एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना परत देते तो आकडा) नीट ठेवा: ० म्हणजे चांगला, १ म्हणजे बिघडलेला, १२५ म्हणजे बिल्डच झालं नाही, पुढे चला. १२८ किंवा त्यापुढचा कोड आला की बायसेक्ट तिथेच थांबतं. सेगमेंटेशन फॉल्टचा (मेमरीच्या चुकीमुळे होणाऱ्या क्रॅशचा) शेलमधला कोड असतो १३९, म्हणून क्रॅश शोधताना स्क्रिप्टने तो पकडून १ परत द्यावा.

दुरुस्ती आणि पुल रिक्वेस्ट

आधी टेस्ट लिहा, दुरुस्ती नंतर. लिबच्या टेस्ट फोल्डरमध्ये त्या मॉड्यूलची फाइल सापडते. तिच्यात तुमचा नमुना एका टेस्टच्या रूपात टाका आणि ती नापास होते हे डोळ्यांनी पाहा. दुरुस्तीशिवायही पास होणारी टेस्ट काहीच सिद्ध करत नाही, आणि अनुभवी रिव्ह्यूअर हे पहिल्यांदा तपासतो. मग दुरुस्ती करा, त्या मॉड्यूलच्या सगळ्या टेस्ट चालवा. सी कोडला हात लावला असेल तर टेस्टच्या कॅपिटल आर पर्यायाला ३:३ देऊन रेफरन्स गळतीही (वापर संपूनही मेमरी न सुटणं) तपासा. एरर आल्यावर मधूनच परत फिरणाऱ्या वाटेवर डेकरेफ, म्हणजे ‘हा ऑब्जेक्ट मी सोडला’ असं सांगणं, विसरणं ही तिथली नेहमीची चूक.

दुरुस्ती नेमकी ठेवा. जाता जाता स्पेस नीट केल्या, व्हेरिएबलची नावं बदलली, तर खरा बदल कुठे आहे ते शोधावं लागतं आणि रिव्ह्यू लांबतो. शीर्षकाच्या सुरुवातीला ‘जीएच’ आणि इश्यूचा नंबर हवा. वापरणाऱ्याला जाणवणारा बदल असेल तर ब्लर्ब नावाच्या टूलने बातमीची नोंद तयार करा: काय दुरुस्त झालं ते एक-दोन वाक्यांत, कोड कसा बदलला ते नको. पहिल्या वेळी बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) काँट्रिब्युटर करारावर, म्हणजे तुमचा कोड वापरू देण्याच्या करारावर, सही मागतो. नोकरीत असाल तर ती करण्याआधी नेमणुकीच्या करारातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा आणि गरज असेल तर मॅनेजरची लेखी परवानगी घ्या.

यानंतर लिनक्स, मॅक, विंडोजवर टेस्ट आपोआप चालतात. लाल फुली दिसली की आधी लॉग उघडा. कधी तुमचा बदल विंडोजवरच्या पाथमुळे पडतो, कधी पडलेल्या टेस्टचा तुमच्याशी संबंधच नसतो. रिव्ह्यूच्या सूचना नव्या कमिटने पूर्ण करा, फोर्स-पुश करून आधीचे कमिट पुसू नका. त्याने रिव्ह्यूअरला मागच्या वेळेपासून काय बदललं ते दिसत नाही, आणि मर्ज होताना सगळे कमिट एकत्र होतातच. तीन-चार आठवडे कुणी पाहिलं नाही तर एकदा सौम्यपणे आठवण करा. बरेच रिव्ह्यूअर आपल्या फावल्या वेळात हे काम करतात.

मर्ज झाल्यावर बगची दुरुस्ती चालू देखभालीतल्या जुन्या आवृत्त्यांतही नेली जाते. बॉट त्याची वेगळी पुल रिक्वेस्ट उघडतो, कोड जुळला नाही तर ती हाताने करावी लागते. वागणं बदलणारी दुरुस्ती मात्र फक्त पुढच्या आवृत्तीत जाते, आणि मोठी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येते. तुमच्या इश्यूच्या नंबरची नोंद चेंजलॉगमध्ये (आवृत्तीतल्या बदलांच्या यादीत) दिसली की ती आवृत्ती बसवून छोटा नमुना पुन्हा चालवा. बरोबर आलं तर ऑफिसच्या कोडमध्ये त्याच नंबरने शोधा आणि तो तात्पुरता उपाय काढून टाका.